डोलकाठीवरचा एलईडी

हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधला बल्ब उडाला की आपण काय करतो? वॉचमनकाकांच्या मागे लागतो, ते स्टोअरमधून एलईडी बल्ब आणतात, होल्डरमध्ये अडकवतात आणि विषय संपतो. तो बल्ब पांढरा की पिवळट, त्याचा उजेड किती अंशांत पसरतो, याची चौकशी रेक्टरसुद्धा करत नाहीत. पण हाच उद्योग समुद्रात जाणाऱ्या शिडाच्या होडीवर केला, तर दिवा व्यवस्थित पेटलेला असूनही कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा ठरू शकतो. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी समोरून येणाऱ्या जहाजावरच्या माणसाला तो दिवा चुकीची माहिती देऊ शकतो. असं का होतं, हे समजायला आपल्या फर्स्ट इयरचं फिजिक्स आणि थोडं इलेक्ट्रिकल पुरतं. म्हणून हा लेख. (होडी, शीड, डोलकाठी हे शब्द मी मराठीतच वापरते आहे. पोर्ट, स्टारबोर्ड वगैरे मात्र तसेच ठेवते, मराठीप्रेमी सरांनी एवढं चालवून घ्यावं.)

आधी या दिव्यांची भाषा समजून घेऊ. रात्री समुद्रावर होडी दिसतच नाही, दिसतात ते फक्त तिचे दिवे. ते काय आणि कसे असावेत, हे टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ठरवलेलं आहे. हे नियम १९७२ साली झाले, १९७७ पासून लागू आहेत आणि जगभर त्यांना 'कोलरेग्ज' म्हणतात. होडीच्या डाव्या म्हणजे पोर्ट बाजूला लाल दिवा, उजव्या म्हणजे स्टारबोर्ड बाजूला हिरवा. दोन्ही अगदी नाकासमोरून सुरू होऊन बाजूला आणि थोडे मागे, प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसले पाहिजेत. उरलेल्या मागच्या १३५ अंशांत पांढरा. बेरीज करून बघा, बरोबर ३६० भरतात.

आता गंमत बघा. तुम्हाला नुसता लाल दिसला, तर ती होडी तुमच्या उजवीकडून डावीकडे चालली आहे. नुसता हिरवा दिसला तर डावीकडून उजवीकडे. पांढरा दिसला तर बहुधा तुम्ही तिच्या मागे आहात. आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती थेट तुमच्या अंगावर येते आहे! कोणी कोणाला वाट द्यायची, हे रात्री या तीन रंगांवरूनच ठरतं. थोडक्यात, हा दिवा उजेडासाठी नाहीच, तो संदेशासाठी आहे. आपण कॉरिडॉरमधला बल्ब बदलतो तेव्हा उजेड बदलतो, इथे बल्ब बदलला तर संदेश बदलण्याची भीती.

शिडाची होडी २० मीटरपेक्षा लहान असेल, तर हे तिन्ही रंग एकाच डब्यात घालून तो डबा डोलकाठीच्या टोकाला बसवायची सवलत आहे. यालाच ट्रायकलर म्हणतात. गोव्यात बांधलेली आपल्या नौदलाची 'म्हादेई', जिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ५६ फूट म्हणजे साधारण १७ मीटरची. ती लांबीने याच गटात येते.

दिवा किती लांबून दिसला पाहिजे, हेही लांबीवर ठरतं. ५० मीटर आणि त्याहून मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा ६ सागरी मैलांवरून दिसायला हवा, बाजूचे रंगीत ३ मैलांवरून. १२ मीटर आणि त्यापुढच्या, पण ५० मीटरपेक्षा लहान होडीचे रंगीत दिवे २ मैल. आणि १२ मीटरपेक्षा लहान असेल तर फक्त १ मैल. आता हा १ मैल जरा हिशोबात मांडा. २० नॉटने येणारं जहाज १ सागरी मैल ३ मिनिटांत कापतं. म्हणजे नियम अगदी काटेकोर पाळला, दिवा नवा कोरा असला, तरी छोट्या होडीच्या वाट्याला येतात ती ही ३ मिनिटं. यातून काही कमी होऊ द्यायचं नाही, हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे.

मैलांवरून कॅन्डेला कसे काढायचे याचं सूत्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आकडे आत टाकून सोपं केलं तर ते असं होतं: अंतराचा वर्ग गुणिले ०.६८६, भागिले ०.८ चा अंतराएवढा घात. वर्ग म्हणजे आपला नेहमीचा इन्व्हर्स स्क्वेअर लॉ, आणि ०.८ म्हणजे हवा दर मैलाला ८० टक्के प्रकाश पुढे सोडते हे गृहीत. १ मैलासाठी उत्तर येतं ०.९ कॅन्डेला, जवळजवळ एका मेणबत्तीएवढं! २ मैलांसाठी ४.३, ३ मैलांसाठी १२. अंतर तिप्पट, तर कॅन्डेला तेरा-चौदा पट. आणि हे सगळं हवा बऱ्यापैकी स्वच्छ असताना.

मग एवढं सगळं असताना एलईडीच्या मागे लागायचंच कशाला? कारण बॅटरी. शीड वर असताना इंजिन बंद असतं, म्हणजे अल्टरनेटर बंद. ट्रायकलरमध्ये एकाच फिलामेंट बल्बवर तिन्ही रंगांचं काम असतं आणि रंगीत काच बराचसा उजेड गिळते, म्हणून तिथे २५ वॅटचा बल्ब असतो. १२ व्होल्टवर तो साधारण २.१ अँपिअर घेतो. १० तासांच्या रात्रीत २१ अँपिअर-अवर गेले. १०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून शहाण्या माणसाने निम्मंच वापरावं, म्हणजे हाताशी असलेल्या ५० मधले २१ एका दिव्याने खाल्ले. जीपीएस, रेडिओ, ऑटोपायलट अजून बाकीच आहेत. एलईडीचा ट्रायकलर २-३ वॅटमध्ये तेच काम करतो.

दुसरा फायदा वायरमध्ये आहे आणि मला तो जास्त आवडतो. समजा पॅनेलपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन ३० मीटर वायर आहे, १.५ चौरस मिलिमीटरची. तांब्याचा रेझिस्टन्स काढा, सुमारे ०.३४ ओहम येतो. २.१ अँपिअरला ०.७ व्होल्ट वायरमध्येच गळले, म्हणजे ६ टक्के. आता फिलामेंट बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. ०.९४ चा ३.४ घात म्हणजे ०.८१. म्हणजे ६ टक्के व्होल्टेज गेलं तर १९ टक्के उजेड गेला! त्यात पहाटेपर्यंत बॅटरी उतरलेली असली, तर आणखी. एलईडीला ०.२ अँपिअरच लागतात, ड्रॉप नगण्य, आणि आत चांगला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर असेल तर बॅटरी ११.५ व्होल्ट असो की चार्जिंगचे १४.४, उजेड तोच राहतो.

तेव्हा एलईडी हवाच, यात वाद नाही. प्रश्न कसा बसवायचा हा आहे. सगळ्यांना सुचणारी सोपी युक्ती म्हणजे डबा तोच ठेवायचा, आतला बल्ब काढायचा आणि त्याच पिनांचा पांढरा एलईडी बल्ब त्यात बसवायचा. इथेच सगळं बिघडतं, आणि ते तीन तऱ्हेने बिघडतं.

पहिला घोटाळा रंगाचा. फिलामेंटच्या उजेडात लाल भरपूर आणि निळा कमी असतो. डब्याची हिरवी काच हे गृहीत धरूनच निळसर बनवलेली असते, म्हणजे पिवळट उजेड तिच्यातून गेला की बाहेर नेमका हिरवा पडतो. पांढऱ्या एलईडीचं तसं नसतं. त्याच्या आत खरं तर निळा एलईडी असतो आणि वर पिवळा फॉस्फर. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका आणि गडद लालच्या बाजूला दुष्काळ. तो जुन्या हिरव्या काचेमागे ठेवला की हिरवा निळ्याकडे सरकतो, आणि लाल काचेमागे ठेवला की बाहेर पडायला फारसं काही उरतच नाही. लाल मंद होतो, वर नारिंगीकडे झुकतो.

हे घरबसल्या, म्हणजे रूमबसल्या, करून बघता येतं. गॅदरिंगला स्टेजच्या लाइटवर लावतो तो लाल आणि हिरवा जिलेटिन पेपर आणा. एकदा जुन्या पिवळ्या बल्बच्या टॉर्चवर लावा आणि एकदा मोबाइलच्या फ्लॅशवर. भिंतीवर दोन्ही शेजारी शेजारी टाका. फरक सांगायला मीटर लागत नाही.

परिशिष्टात प्रत्येक रंगाची हद्द सीआयई आलेखावर x-y चे कोपरे देऊन आखलेली आहे. त्यावर मी काही नेहमीचे एलईडी मांडून पाहिले. ६२५ नॅनोमीटरचा लाल आरामात आत बसतो. पण आपल्या लॅबमध्ये मिळतो तसा ५२५ नॅनोमीटरचा हिरवा चक्क बाहेर पडतो, कारण तो पोपटी आहे. ५०५ च्या आसपासचा निळसर हिरवा लागतो, साधारण आपल्या चौकातल्या सिग्नलसारखा. पांढऱ्यालासुद्धा हद्द आहे: ६५०० केल्विनचा कूल व्हाइट अगदी कडेला, आणि त्याहून निळसर असलेला बाहेर. बाजारात 'सुपर व्हाइट' म्हणून कौतुकाने विकतात तो बहुधा हाच.

दुसरा घोटाळा भूमितीचा आहे, आणि माझ्या मते रंगापेक्षाही धोक्याचा. लाल आणि हिरव्याची सीमा नेमकी नाकासमोर यायला हवी. नियम असा, की समोरच्या बाजूला रंगीत दिवा आपली हद्द ओलांडून १ ते ३ अंशांच्या आत संपला पाहिजे. ही सीमा आखते कोण? डब्यातली एक उभी पट्टी, तिच्या सावलीने. आणि सावली किती धारदार पडेल हे दिव्याच्या रुंदीवर असतं. टॉर्चसमोर पुस्तक धरा, कड स्वच्छ दिसते. ट्यूबलाइटखाली धरा, कड विरघळते. (एंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या सबमिशनच्या रात्री हा शोध प्रत्येकाला लागतोच.)

उभ्या फिलामेंटची रुंदी १ मिलिमीटर आणि पट्टी ४० मिलिमीटरवर धरली, तर धूसर पट्टा टॅन इन्व्हर्स १/४० म्हणजे १.४ अंशांचा. छान, नियमात बसला. त्याच जागी चहूबाजूंनी चिप्स चिकटवलेला १६ मिलिमीटर रुंद एलईडी बल्ब ठेवला, तर टॅन इन्व्हर्स १६/४० म्हणजे जवळजवळ २२ अंश! आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण अंदाज यावा. या २२ अंशांच्या पट्ट्यात असलेल्या जहाजाला लाल आणि हिरवा दोन्ही दिसणार, आणि ते समजणार की होडी सरळ आपल्याकडे येते आहे. प्रत्यक्षात ती आडवी चाललेली असेल. शिवाय वेगवेगळ्या चिप्समधल्या फटींमुळे काही दिशांना उजेड जास्त आणि काहींना कमी, असं चांदणीच्या आकाराचं वाटप होतं ते वेगळंच.

तिसरा घोटाळा कलण्याचा. शिडाची होडी वाऱ्यात २०-२५ अंश सहज कलते, आणि डोलकाठीवरचा दिवाही तिच्याबरोबर कलतो. म्हणून शिडाच्या होडीसाठी वेगळी अट आहे: क्षितिजाच्या वर-खाली ५ अंशांपर्यंत पूर्ण तीव्रता आणि २५ अंशांपर्यंत निदान निम्मी. फिलामेंट सगळीकडे फेकतो आणि लेन्स त्याला हवं तेवढं आवळते. पण प्रत्येक एलईडीवर स्वतःची छोटी भिंगं असलेला स्वस्त बल्ब उजेड अरुंद पट्ट्यात फेकतो. धक्क्याला बांधलेल्या होडीवर तो झगझगीत दिसतो, पण कललेल्या होडीवर अर्धा उजेड पाण्यात आणि अर्धा आकाशात. टेस्ट नेहमी धक्क्यावर होते, अडचण ही आहे.

हे सगळं कागदी वाटत असेल तर एक घटना सांगते. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला, आयल ऑफ वाइटजवळ, 'ऊझो' नावाची २५ फुटी शिडाची होडी रात्री बुडाली. तिच्यावरचे तिघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २००७ च्या अहवालात निष्कर्ष काढला, की 'प्राइड ऑफ बिलबाओ' ही मोठी फेरी तिला धडकली असावी, किंवा इतक्या जवळून गेली की लाटांनी ती बुडाली. फेरीवरच्या टेहळणाऱ्याला होडी दिसली तेव्हा ती अगदी पुढ्यात आली होती. एलईडीचा इथे काही संबंध नाही. पण अहवालाने होडीवाल्यांना जे बजावलं ते आपल्या विषयाचंच आहे: योग्य वॅटचाच बल्ब लावा, बारीक तडे गेलेली लेन्स बदला, आणि होडी ५ अंशांपेक्षा जास्त कलली की दिवा ठरल्याप्रमाणे उजळ दिसेलच असं धरू नका. (टेहळणीवरच्या माणसाचा चष्मा फोटोक्रोमिक होता आणि तसली काच रात्रीही थोडा प्रकाश अडवते, हेही त्याच तपासात पुढे आलं. आपल्यातल्या चष्मेवाल्यांनी नोंद घ्यावी.) ती ३ मिनिटं म्हणजे काय, हे यावरून कळावं.

आता 'मान्यताप्राप्त' या शब्दाकडे वळू, कारण दुकानदार तो सढळ हाताने वापरतात. मान्यता बल्बला नसते. काच, लेन्स, पट्टी, होल्डर आणि बल्ब अशा पूर्ण डब्याला एकत्र तपासून ती मिळते. अमेरिकेचा नियम याबाबतीत फार बोलका आहे. तिथे मनोरंजनाच्या होड्यांवरच्या दिव्यावर, किंवा त्याच्यासोबत, लॅबचं नाव, किती मैल, तपासणीची तारीख यांबरोबर कोणता बल्ब लावून तपासणी केली तेही लिहावं लागतं. म्हणजे आतला बल्ब बदलला, की तो शिक्का तुमच्या दिव्याबद्दल बोलायचा थांबतो. डबा तोच, नाव तेच, पण तपासलेली वस्तू आता तिथे नाही. जर्मनीत हँबुर्गच्या बीएसएच संस्थेची मान्यता असते, इतर देशांत इतरांची. मूळ नियम एवढंच म्हणतो, की ज्या देशाचा झेंडा त्या देशाच्या अधिकाऱ्यांचं समाधान झालं पाहिजे.

म्हणून सरळ मार्ग दोन. एक तर मुळातच एलईडीसाठी डिझाइन केलेला पूर्ण सीलबंद डबा घ्यायचा. त्यात लाल, हिरवे आणि पांढरे एलईडी वेगवेगळे असतात, त्यामुळे रंगीत काचेच्या मागे पांढरा ही भानगडच नाही. किंवा नेमक्या तुमच्या मॉडेलच्या डब्यात घालून तपासलेला आणि तसं लेखी दिलेला बल्ब घ्यायचा. 'सगळ्या डब्यांत चालतो' हे लेखी असलं तरी उपयोगाचं नाही. नवा डबा बसवताना त्यावरची पुढची खूण होडीच्या मध्यरेषेशी नीट जुळवा. ५ अंश तिरका बसवलात, तर पैसे खर्च करून भूमितीचा घोटाळा स्वतःच परत आणलात.

एक त्रास मात्र मान्यताप्राप्त नसलेल्या दिव्यांत हमखास विसरला जातो. एलईडीचा ड्रायव्हर म्हणजे स्विचिंग सर्किट, आणि स्विचिंग म्हणजे हार्मोनिक्स. आपल्याकडे रूममध्ये स्वस्त एलईडी लावला की कधी कधी एफएम खरखरतो, तोच प्रकार. होडीवर व्हीएचएफ रेडिओची अँटेना बहुतेक वेळा डोलकाठीच्या टोकालाच, ट्रायकलरच्या शेजारी असते. रेडिओचा पट्टा १५६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि आसपासची जहाजं दाखवणारी एआयएस यंत्रणा १६२ च्या दोन्ही बाजूंना चालते. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने याबद्दल खास इशारा काढला. त्यातली टेस्ट कोणालाही जमेल: एलईडी बंद ठेवून रेडिओ शांत चॅनेलवर लावा, खरखर जेमतेम थांबेल तिथे स्क्वेल्च ठेवा, आता एलईडी चालू करा. खरखर परत आली, तर दिवा तुमच्या रेडिओचे कान झाकतो आहे. दिसण्याची सोय करताना ऐकू येणं बंद केलं, तर काय मिळवलं? वायरवर फेराइट टाकून कधी भागतं, नाहीतर ड्रायव्हर बदलावा लागतो.

वय हाही मुद्दा आहे. फिलामेंट बल्ब जातो तेव्हा पटकन जातो आणि ते कळतं. एलईडी म्हातारा होत होत मंदावतो, चालूच दिसतो. म्हणून आयएमओने २००७ च्या मानकांत एलईडी दिव्यांसाठी म्हटलं, की तीव्रता नियमाखाली गेली तर अलार्म हवा, नाहीतर निर्मात्याने दिलेल्या आयुष्यापुरताच दिवा वापरायचा. छोट्या होडीवर अलार्म कोण लावणार? पण बसवल्याची तारीख डब्याच्या आत मार्करने लिहायला काय हरकत आहे?

शेवटी खर्चाचं, कारण आपण सगळे मेस-बिलाची माणसं. होडीवर दिवे बरेच असतात, सगळे बदलायची गरज नसते. इंजिन सुरू केलं की, शीड वर असलं तरी, नियमांच्या नजरेत ती इंजिनची होडी होते. मग ट्रायकलर बंद करून खालचे लाल-हिरवे, मागचा पांढरा आणि डोलकाठीवरचा पुढे बघणारा पांढरा लावायचा. १२ मीटरखाली या दोन पांढऱ्यांऐवजी चहूकडे दिसणारा एकच पांढरा चालतो. (एलईडीला करंट लागतोच किती, म्हणून वरचे आणि खालचे सगळे एकदम पेटवणारे लोक असतात. ते चूक आहे, बघणाऱ्याला एका होडीच्या दोन होड्या वाटतात.) आता खालचे दिवे लागतात ते इंजिन चालू असताना, म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरत असताना. तिथे २५ वॅट गेले काय आणि अडीच गेले काय. ते जुने, तपासलेले फिलामेंटचे दिवे तसेच राहू द्या, फक्त लेन्स आणि होल्डरमधला गंज बघा. इंजिन बंद असताना रात्रभर जळणारे दिवे दोनच: ट्रायकलर आणि नांगर टाकल्यावरचा पांढरा. पैसे तिथे घाला.